रोपवाटिकेत निरोगी रोप कसे निवडावे : फुलांआधी मुळे पाहा

रोपवाटिकेत शिरताच नजर सर्वांत आधी फुलांवर जाते आणि नवख्या माणसाची पहिली चूक बहुधा तिथेच होते. फुलांवरून एवढेच कळते की गेले काही आठवडे रोपाचे बरे चालले होते. पुढची काही वर्षे ते कसे जगेल, याचे उत्तर मुळांत, बुंध्यात आणि शेंड्याच्या कोवळ्या वाढीत असते. म्हणून रोप नेहमी खालून वर पाहावे, असा माझा आग्रह आहे. आधी कुंडीचे बूड, मग माती आणि मुळे, मग खोड, त्यानंतर पानांची मागची बाजू आणि सर्वांत शेवटी फूल, या क्रमाची सवय झाली की एका रोपाला दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही.

निघण्यापूर्वी

रोप कोणते घ्यायचे हे रोपवाटिकेत नव्हे, तर ते जिथे लावायचे त्या जागेवर उभे राहून ठरवावे. त्या जागी सकाळी, दुपारी आणि सायंकाळी थेट ऊन येते का, हे एक-दोन दिवस पाहून लिहून ठेवावे. दिवसाला किमान ६ तास थेट ऊन मिळत असेल तर ती भर उन्हाची जागा, आणि साधारण ३ ते ६ तास मिळत असेल तर अर्धसावलीची. कितीही निरोगी रोप आणले तरी चुकीच्या जागी ते दोन महिन्यांत खंगते, आणि मग दोष रोपवाटिकेला दिला जातो.

सोबत एक कोरा पांढरा कागद आणि शक्य असेल तर दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग न्यावे. जायचे ते सकाळी. दुपारच्या तापात धडधाकट रोपही माना टाकते आणि त्या वेळी तहानलेले रोप व आजारी रोप यांतला फरक नवख्या डोळ्यांना कळत नाही.

आधी रोपवाटिका पाहा

रोपाकडे वळण्यापूर्वी दोन मिनिटे नुसते फिरावे. कुंड्यांमध्ये तण माजले आहे का, मेलेली रोपे जिवंत रोपांच्या रांगेतच पडून आहेत का, वाटांवर पाणी साचले आहे का, हे पाहावे. रोपे थेट मातीवर मांडलेली असतील तर पाणी घालताना उडणाऱ्या शिंतोड्यांबरोबर जमिनीतल्या बुरशी कुंडीत शिरतात. खडी, फळी किंवा मांडणीवर ठेवलेल्या रोपांना हा धोका कमी असतो. तणाकडेही केवळ अस्वच्छता म्हणून पाहू नये. लव्हाळ्याची एक गाठ कुंडीतून बागेत गेली, तर ती पुढे अनेक वर्षे पाठ सोडत नाही.

एकाच जातीची वीस रोपे शेजारी मांडलेली असतात तेव्हा सगळ्यांत उंच रोप उचलण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. उंच रोप बहुतेक वेळा प्रकाशाच्या शोधात लांबलेले असते. दोन पानांमधले अंतर, म्हणजे पेर, जवळ धरून शेजारच्या रोपाशी ताडून पाहावे. आखूड पेरांचे, मध्यम उंचीचे आणि बुंध्यापासूनच फुटवे घेतलेले रोप लांब पेरांच्या सडपातळ रोपाला सहा महिन्यांत मागे टाकते. शिवाय त्या वीस रोपांपैकी सात-आठ रोपांवर एकसारखे डाग दिसत असतील, तर उरलेल्या बिनडाग रोपांवरही विश्वास ठेवू नये, कारण त्यांच्यावर डाग यायचे बाकी असण्याची शक्यता मोठी असते.

कुंडीचे बूड, माती आणि मुळे

आता रोप उचलावे. आकाराच्या मानाने ते अगदी हलके लागले तर माती पार वाळलेली आहे. कुंडीतली माती एकदा अशी पूर्ण वाळली की पाणी सहज शोषत नाही. वरून घातलेले पाणी कुंडीच्या कडेने निथळून जाते आणि मधली हुंडी, म्हणजे मुळांनी धरलेला मातीचा गोळा, कोरडीच राहते. माती आक्रसून कुंडीच्या कडेला फट पडली असेल, तर असे पुष्कळदा घडले आहे असे समजावे. याउलट मातीवर हिरवे शेवाळ जाड साचले असेल आणि कुंडी हलवताच बारीक काळ्या माश्या उडत असतील, तर पाणी सतत जास्त होते आहे.

सर्वांत महत्त्वाची खूण अशी की माती ओली असूनही रोप सुकलेले दिसत असेल, तर ते घेऊ नये. तहानलेले रोप पाणी मिळाल्यावर काही तासांत ताठ होते. ओल्या मातीत मान टाकलेल्या रोपाची मुळेच पाणी ओढेनाशी झालेली असतात किंवा खोडातली पाण्याची वाट रोगाने बंद झालेली असते, आणि दोन्हींवर घरी उपाय करणे नवख्याच्या आवाक्याबाहेरचे आहे.

कुंडी उलटून बुडाची भोके पाहावीत. एखाददुसरे बारीक मूळ डोकावत असेल तर हरकत नाही. पेन्सिलीएवढी जाड मुळे बाहेर येऊन जमिनीत रुजली असतील तर रोप त्या कुंडीत फार काळ राहिलेले आहे, आणि ते उचलताना तीच कामाची मुळे तुटणार आहेत.

यानंतर रोपवाटिकाचालकांची परवानगी घेऊन रोप कुंडीतून काढून पाहावे. नवख्या माणसाला हे मागायला संकोच वाटतो, पण बियाणे कसे आहे हे शेतकरी जसे मुठीत घेऊन पाहतो, तशीच ही साधी पारख आहे आणि आपल्या मालाची खात्री असलेले चालक स्वतःच ते दाखवतात. खोड दोन बोटांच्या बेचक्यात धरून तळहात मातीवर टेकवावा, कुंडी उलटी करावी आणि कडेवर हलकी थाप मारावी. हुंडी अखंड बाहेर यायला हवी. मुळे चांगली पसरली असतील तर ती मातीला धरून ठेवतात. सगळी माती भुसभुशीत होऊन सांडली, तर रोप नुकतेच मोठ्या कुंडीत हलवलेले आहे आणि अजून रुजलेले नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीतले रोप असे काढता येत नाही. तिथे पिशवी बाहेरून चाचपून आत माती घट्ट धरलेली आहे की सैल, याचा अंदाज घ्यावा.

निरोगी मुळांची टोके सहसा पांढरी किंवा फिकट पिवळसर असतात. केवळ रंगावर मात्र निकाल देऊ नये, कारण ड्रासेनासारख्या काही झाडांची धडधाकट मुळेही नारिंगी असतात. कणखरपणा आणि वास या खुणा अधिक खात्रीच्या. शंकास्पद वाटणारे एक बारीक मूळ चिमटीत धरून हलकेच ओढावे. सडलेल्या मुळाची वरची साल मोज्यासारखी निसटून हाती येते आणि आत केसासारखा धागा तेवढा उरतो. त्याबरोबर कुबट वास आला तर मूळकूज आहे हे नक्की समजावे. ती पाण्याबरोबर पसरत असल्याने त्या कुंडीला खेटून असलेली रोपेही टाळावीत.

मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर थांबून नीट पाहावे. शेंगावर्गीय झाडांच्या मुळांवर नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूंच्या गाठी असणे चांगलेच आहे. त्या मुळाच्या एका बाजूला चिकटलेल्या असतात आणि नखाने सहज सुटतात. सूत्रकृमींमुळे, म्हणजे मातीतल्या सूक्ष्म धाग्यासारख्या कृमींमुळे, झालेल्या गाठी वेगळ्या असतात. तिथे मूळच फुगलेले असते, त्यामुळे गाठ सुटत नाही, मूळ तुटते. सूत्रकृमी एकदा बागेच्या मातीत शिरले की ते पुरते काढणे जवळजवळ अशक्य असते, म्हणून असे रोप कुणी फुकट दिले तरी घेऊ नये.

राहिला मुळांच्या विळख्याचा प्रश्न. कुंडीच्या भिंतीला अडून मुळे गोल फिरू लागतात आणि काही काळाने हुंडीत मातीपेक्षा मुळेच अधिक होतात. हंगामी फुलझाडे किंवा मऊ खोडाची रोपे यांच्या बाबतीत थोडा विळखा चालतो, कारण लावताना मुळे बोटांनी मोकळी करता येतात. फळझाड किंवा मोठे वाढणारे झाड घेताना मात्र येथे तडजोड करू नये. सुरुवातीच्या काळात मी एका लिंबाच्या कलमाचे हिरवेगार पान पाहून ते आणले आणि पिशवी फाडून जसेच्या तसे जमिनीत लावले. तिसऱ्या वर्षी वाऱ्याने ते मुळासकट आडवे झाले. खड्ड्यात पाहिले तर मुळांनी अजून त्याच पिशवीचा आकार धरला होता, आणि बोटाएवढे एक मूळ बुंध्याभोवती पूर्ण वेढा घालून त्यात रुतले होते. मधली दोन वर्षे वरच्या पानांवर त्याची काहीच खूण नव्हती. तेव्हापासून हुंडी पाहिल्याशिवाय मी फळझाड घेत नाही.

खोड आणि कलमाचा जोड

चांगले खोड बुंध्याशी जाड असते आणि वर निमुळते होत जाते. रोपाला काठीचा आधार असेल तर बांधलेली दोरी क्षणभर सोडायला सांगावी. आधार काढताच वाकणारे खोड मुळात कमकुवत असते. दोरी फार दिवस तशीच राहिली असेल तर सालीवर तिचा खोल वळ उमटलेला दिसतो आणि पुढे खोड नेमके तिथेच मोडते. बुंध्याच्या तळाशी मुळे जिथून फुटतात, तो किंचित रुंदावलेला भाग मातीच्या पातळीवर दिसायला हवा. खांब रोवावा तसे खोड सरळ मातीत शिरलेले असेल तर रोप कुंडीत फार खोल लावलेले आहे. अशा वेळी मातीत बोट घालून पहिले मूळ किती खाली लागते ते पाहावे.

सालीवर चिरा, ओघळलेला डिंक किंवा बुंध्याशी काळपट मऊ डाग असू नयेत. गुलाब आणि पीच, प्लमसारख्या कठीण कोयीच्या फळझाडांच्या बुंध्याशी खडबडीत, बुचासारखी गाठ दिसली तर ती जिवाणूंमुळे झालेली असू शकते. तिच्यावर इलाज नाही. पानगळ झालेले रोप जिवंत आहे का, हे पाहण्यासाठी एका बारीक फांदीची साल नखाने जराशी खरवडावी. आत ओलसर हिरवे दिसले तर फांदी जिवंत आहे. कोरडे तपकिरी दिसले तर आणखी खाली तसेच करून पाहावे.

कलम घेताना जोडाकडे सर्वाधिक लक्ष द्यावे. कलम म्हणजे दोन झाडे आहेत. खाली मुळे देणारा खुंट असतो आणि वर हव्या त्या जातीची फांदी किंवा डोळा. खुंटाचे महत्त्व किती मोठे आहे हे द्राक्षांच्या इतिहासात दिसते. १८६० च्या दशकात उत्तर अमेरिकेतून नेलेल्या वेलींबरोबर फायलोक्सेरा ही मुळे खाणारी कीड फ्रान्समध्ये पोहोचली आणि तिने तेथील द्राक्षमळे उद्ध्वस्त केले. शेवटी मार्ग सापडला तो त्या किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकी खुंटांवर युरोपीय जातींची कलमे बांधण्यात. रोपांबरोबर कीड कशी दूर पोहोचते आणि चांगला खुंट काय करू शकतो, या दोन्ही गोष्टी या एकाच घटनेत आहेत.

जोडाच्या जागी दोन्ही साली एकजीव झालेल्या असाव्यात. तिथे फट असेल, जोड हलत असेल किंवा वरचा भाग खालच्यापेक्षा विचित्र फुगलेला असेल तर ते कलम सोडून द्यावे. कलमपट्टी अजून बांधलेली असेल तर ती कधी काढायची हे विचारून घ्यावे. त्यानंतर जोडाच्या खालून फुटवे आले आहेत का ते पाहावे. ते खुंटाचे असतात, जोमाने वाढतात आणि वरच्या जातीचे अन्न ओढून घेतात. पानांचा आकार ताडून पाहिला की फरक कळतो. रोपावरची तजेलदार पाने सगळी खालच्या फुटव्यांचीच असतील, तर आपण घेत आहोत ते रोप हव्या त्या जातीचे नाही.

पाने उलटून पाहा

पानाच्या वरच्या बाजूवर पाणी शिंपडून ती चकचकीत करता येते, खरी हकीकत मागच्या बाजूवर असते. तीन ठिकाणची पाने उलटावीत : शेंड्याजवळचे, मधले आणि तळाचे. शेंड्याला मावा सापडतो. हिरवे, काळे किंवा पिवळसर मऊ किडे कोवळ्या देठांवर दाटीने बसलेले असतात. माव्याच्या माद्या नराशिवायही थेट पिल्ले देऊ शकतात, त्यामुळे आज दिसलेले चार किडे पंधरवड्यात शेंडा झाकून टाकतात. फांदी आणि पानाच्या बेचक्यात कापसासारखा पुंजका असेल तर तो पिठ्या ढेकूण. देठावर किंवा शिरांवर तपकिरी उंचवटा दिसला तर त्याखाली नख घालावे. तो सालीचा भाग असेल तर निघत नाही, आणि टवका होऊन सुटला तर ती खवले कीड आहे. रोप हलवताच पिठासारखे पांढरे कण उडून पुन्हा पानामागे बसले, तर पांढरी माशी.

पाने चिकट लागत असतील, त्यांच्यावर काजळीसारखा थर असेल आणि मुंग्यांची रांग खोडावरून वर जात असेल, तर कीड न दिसताही ती तिथे आहे असे धरावे. रस शोषणारे हे किडे गोड चिकटा टाकतात, त्यावर काळी बुरशी वाढते आणि मुंग्या त्या गोडीसाठी येतात. ओले बोट फिरवल्यावर काजळी पुसली गेली म्हणून समाधान मानू नये. ती आणणारे किडे वरच्या पानांमागे लपलेले असतात.

पांढरा कागद लागतो तो लाल कोळ्यासाठी. हा जीव जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो आणि पानावर नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. दिसतात ते पानावरचे बारीक फिकट ठिपके, जणू टाचणीने टोचले आहे. पानाखाली कागद धरून फांदीवर तीन-चार टिचक्या माराव्यात आणि कागद अर्धा मिनिट स्थिर धरावा. धूळ जिथल्या तिथे पडून राहते. ठिपके चालू लागले तर ते कोळी आहेत. उष्ण, कोरड्या हवेत आठवडाभरात त्यांची पुढची पिढी तयार होते, म्हणून चालणारा एक ठिपका दिसला तरी ते रोप परत ठेवावे. कागदावर लांबट, चपळ किडे पडले आणि पानांवर चंदेरी ओरखडे व काळे बारीक कण असतील, तर ते फुलकिडे होत.

डागांविषयी थोडक्यात सांगतो. पिठासारखा पांढरा थर म्हणजे भुरी, पानामागे गंजाच्या रंगाची उठाव असलेली पुटकुळी म्हणजे तांबेरा, आणि पानात नागमोडी पांढरी रेघ म्हणजे नागअळी. नागअळीची एक-दोन पाने खुडून टाकली की भागते. पान आकसलेले, वळलेले आणि हिरव्या-पिवळ्या अनियमित पट्ट्यांचे असेल तर विषाणूचा संशय घ्यावा. विषाणू लागलेल्या रोपाला औषध नाही. अशा पट्ट्या कधीकधी मोहक दिसतात. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये ज्या पट्टेदार ट्यूलिपांचे वेड लागले होते, त्यांचे ते पट्टेही विषाणूमुळेच उमटलेले होते आणि त्याने कंद पिढ्यानपिढ्या दुबळे होत गेले. मुळात दुरंगी पानांच्या जातीत सर्व पाने निरोगी आकाराची असतात. विषाणूत रंगाबरोबर आकारही बिघडतो.

पिवळेपणाला घाबरण्याआधी पिवळे पान कुठले आहे ते पाहावे. तळाचे एखादे जुने पान पिवळे पडणे स्वाभाविक आहे. तळाची सगळीच पाने एकसारखी फिकट असतील तर बहुधा नत्र कमी पडले आहे आणि ते भरून काढता येते. शेंड्याची नवी पाने पिवळी पण शिरा हिरव्या असतील तर लोह मिळत नाही, आणि त्यामागे पुष्कळदा चिबड माती किंवा खराब झालेली मुळे असतात. तेव्हा पुन्हा हुंडीकडे वळावे.

फुले आणि भाजीची रोपे

फुललेल्या रोपापेक्षा कळ्यांचे रोप घ्यावे. रंगाची खात्री करण्यापुरते एक फूल उमललेले असले की पुरे. टोमॅटो, मिरची, वांगे यांच्या रोपांवर कळी किंवा फूल असेल तर ते लहान कप्प्यात फार दिवस अडकून पडलेले आहे. चार ते सहा खरी पाने (बी उगवताना येणाऱ्या पहिल्या दोन दलांनंतरची) असलेली, बुटकी, जाड खोडाची रोपे उत्तम. मातीलगत खोड दोऱ्यासारखे बारीक आणि काळपट झालेले एकही रोप त्या ट्रेमध्ये दिसले, तर संपूर्ण ट्रे नाकारावा. रोपे कोलमडवणारी ती बुरशी आहे.

विचारायचे प्रश्न

रोप बियांपासून केले आहे की कलम आहे, हे फळझाडाच्या बाबतीत अवश्य विचारावे. बियांपासून आलेले झाड आईसारखे फळ देईलच असे नसते आणि फळायला वेळही अधिक घेते. रोप उन्हात वाढवले की सावलीच्या जाळीखाली, आणि शेवटची फवारणी कधी व कशाची केली, हेही विचारावे. खाण्याच्या पानांची आणि मधमाश्या-फुलपाखरांसाठी लावायची झाडे घेताना हा शेवटचा प्रश्न टाळू नये, कारण काही कीटकनाशके रोपात भिनून परागापर्यंत पोहोचतात. याच कारणाने युरोपीय संघाने २०१८ मध्ये तीन निओनिकोटिनॉइड कीटकनाशकांच्या उघड्यावरील वापरावर बंदी घातली. लेबलावर शास्त्रीय नाव आणि जातीचे नाव दोन्ही असतील तर ते लेबल जपून ठेवावे.

घरी आणल्यावर

वाहनात रोप वाऱ्याच्या झोतात धरू नये. अर्ध्या तासाच्या वाऱ्याने कोवळी पाने करपतात. घरी आल्यावर ते बाकीच्या झाडांपासून दूर, उजेडाच्या पण कडक ऊन नसलेल्या जागी दोन ते तीन आठवडे वेगळे ठेवावे. रोपवाटिकेत डोळ्यांना न दिसलेली अंडी या काळात फुटतात आणि कीड आपोआप उघडी पडते. दर चार-पाच दिवसांनी पाने उलटून कागदाची परीक्षा पुन्हा करावी. या काळात खत देऊ नये. काही पाने गळाली तरी घाबरून पाणी वाढवू नये, कारण जागा बदलल्यावर कित्येक झाडे थोडी पानगळ करतातच. जाळीखाली वाढलेले रोप उन्हात न्यायचे असेल तर पहिल्या दिवशी सकाळचे तासभर ऊन द्यावे आणि ८ ते १० दिवसांत हळूहळू वाढवत न्यावे.

लावण्याच्या आदल्या दिवशी पाणी द्यावे, म्हणजे हुंडी फुटत नाही. पिशवी असेल तर ती ओढून न काढता पात्याने उभी चिरावी. मुळे कडेने गोल फिरू लागली असतील तर मोठ्या झाडाच्या हुंडीचा बाहेरचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर धारदार सुरीने चारही बाजूंनी छाटून टाकावा. हात कचरतो, पण छाटलेल्या टोकांतून नवी मुळे सरळ बाहेरच्या मातीत धावतात. माझ्या लिंबाला मी हेच केले नव्हते. खोड कुंडीत होते तेवढ्याच खोलीवर ठेवावे, कलमाचा जोड मातीच्या वर राहू द्यावा. फक्त टोमॅटोचे रोप पहिल्या पानांपर्यंत खोल लावले तरी चालते, कारण त्याच्या खोडालाही मुळे फुटतात. माती हाताने हलकी दाबावी आणि पाणी बुंध्यावर न ओतता हुंडीच्या कडेने सावकाश सोडावे.